जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे भौतिकशास्त्र : हैदराबाद येथील अनुभव व काही विचार

वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासाची मनापासून आवड असलेला विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश घेतो. गणिताशी आपला संबंध आता संपला, अशी त्याची समजूत असते. परंतु पहिल्याच आठवड्यात भौतिकशास्त्राच्या तासाला सदिश राशी, त्रिकोणमिती आणि विकलन यांच्याशी त्याची गाठ पडते. बेडकाच्या हृदयाचे कप्पे अचूक सांगणारा हा विद्यार्थी उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यापुढे मात्र गोंधळून जातो. हा अनुभव एका महाविद्यालयापुरता किंवा एका राज्यापुरता मर्यादित नाही. तथापि हैदराबाद शहरात तो विशेष ठळकपणे पाहावयास मिळतो. या शहराशी मराठवाड्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शैक्षणिक संबंध असल्याने तेथील परिस्थितीचा विचार आपल्या शिक्षकांनाही उपयुक्त ठरेल, असे वाटते.

अभ्यासक्रमाची मांडणी

हैदराबाद येथे दहावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ‘इंटरमीडिएट’ या नावाने ओळखला जातो. आंध्र प्रदेशात त्यासाठी १९७१ मध्ये स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. २०१४ मध्ये तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यानंतर तेथील मंडळ वेगळे झाले. विज्ञानाचे दोन प्रमुख गट आहेत. गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचा गट ‘एमपीसी’ या नावाने, तर जीवशास्त्र, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचा गट ‘बायपीसी’ या नावाने सर्वपरिचित आहे. बायपीसी गटात गणित नसते. भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक व प्रश्नपत्रिका मात्र दोन्ही गटांना एकच असते.

दीर्घकाळ चालत आलेल्या गुणांच्या मांडणीनुसार बायपीसी गटात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांना मिळून ३०० गुण आणि भौतिकशास्त्रास १५० गुण असतात. हे १५० गुण पहिल्या वर्षाचे ६०, दुसऱ्या वर्षाचे ६० व प्रात्यक्षिकाचे ३० असे विभागलेले असतात. म्हणजे एकूण १००० गुणांपैकी भौतिकशास्त्राचा वाटा सुमारे सातवा हिस्सा होय. विद्यार्थ्याच्या मनावरील त्याचा भार मात्र याहून कितीतरी अधिक असतो.

याचे एक कारण प्रवेश परीक्षा हे आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘नीट’ परीक्षेत एकूण ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे व १८० गुण भौतिकशास्त्राचे असतात. जीवशास्त्रात बहुतेक चांगल्या विद्यार्थ्यांचे गुण जवळजवळ सारखे पडतात. त्यामुळे क्रमांक मागेपुढे होतो तो प्रामुख्याने भौतिकशास्त्रावरून. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. त्या वेळी भौतिकशास्त्राचा भाग फार कठीण गेल्याची तक्रार देशभरातील विद्यार्थ्यांनी केली. ज्या विषयाकडे विद्यार्थ्याने दुय्यम म्हणून पाहिले, तोच विषय त्याचे भवितव्य ठरवितो.

दुसरी गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. इंटरमीडिएटनंतर जे विद्यार्थी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय घेऊन पदवीस जातात, त्यांना पुढे भौतिकशास्त्र हा स्वतंत्र विषय नसतो. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालयातील पहिले भौतिकशास्त्र हेच अखेरचे भौतिकशास्त्र ठरते. दोन वर्षांत त्याच्या मनात जे रुजेल, तेवढ्याच शिदोरीवर पुढे प्रयोगशाळेतील यंत्रे त्यास हाताळावी लागतात.

भाषेचा जुना प्रश्न

हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूची निवड करण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षीच पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी ‘दारुत्तर्जुमा’ ही संस्था सुरू झाली होती. पदार्थविज्ञानास ‘तबीइयात’, वनस्पतिशास्त्रास ‘नबातियात’ आणि प्राणिशास्त्रास ‘हैवानियात’ असे शब्द तेथे प्रचारात होते. मराठवाड्यातील पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांनी त्या काळी विज्ञान उर्दूतून अभ्यासले. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलून इंग्रजी झाले. आज हैदराबादच्या एकाच वर्गात घरी तेलुगू, उर्दू, मराठी किंवा कन्नड बोलणारी मुले शेजारी बसतात आणि बहुसंख्य मुले इंग्रजीतून शिकतात.

भाषेची ही अडचण जीवशास्त्रात व भौतिकशास्त्रात निरनिराळ्या स्वरूपात येते. जीवशास्त्रातील नवा शब्द बहुधा एखाद्या नव्या वस्तूचे नाव असतो. चित्र पाहिले की तो लक्षात राहतो. भौतिकशास्त्रात मात्र ‘बल’, ‘कार्य’, ‘शक्ती’, ‘ऊर्जा’ हे रोजच्या व्यवहारातील शब्द काटेकोर व वेगळ्या अर्थाने वापरले जातात. डोक्यावर ओझे घेऊन तासभर एका जागी उभ्या राहिलेल्या हमालाने त्या ओझ्यावर काहीही ‘कार्य’ केले नाही, असे पुस्तक सांगते. त्याचा घाम विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. वस्तुतः त्याचे स्नायू आतल्या आत सतत ऊर्जा खर्च करीत असतात, आणि ते कसे, हा जीवशास्त्राचा सुंदर प्रश्न आहे. परंतु तो प्रश्न वर्गात क्वचितच चर्चेस येतो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि मनातील शंका मनातच ठेवतो.

अडचणींचे स्वरूप

या विद्यार्थ्यांच्या अडचणी स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिली अडचण गणिताची. ती बहुधा मोठ्या गणिताची नसते. दहाचे घातांक, गुणोत्तर व प्रमाण, आलेखाचा चढ आणि एककांचे रूपांतर या साध्या गोष्टींपाशी विद्यार्थी अडतो. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७ मायक्रोमीटर व्यासाची असते हे त्यास ठाऊक असते. पण एका मिलिमीटरच्या रेषेत अशा किती पेशी मावतील, या प्रश्नास तो थबकतो. सुमारे १४० हे उत्तर काढण्यास केवळ भागाकार पुरेसा आहे.

दुसरी अडचण उदाहरणांची. पाठ्यपुस्तकात कप्प्या, ठोकळे, तोफेचे गोळे व रेल्वेगाड्या यांची रेलचेल असते. ही उदाहरणे चुकीची नाहीत. मात्र सजीव सृष्टीविषयी कुतूहल असलेल्या विद्यार्थ्यास त्यांत आपले असे काही सापडत नाही. त्यामुळे हा विषय दुसऱ्या गटासाठी लिहिलेला असून आपणास तो केवळ सोसावयाचा आहे, अशी भावना बळावते.

तिसरी अडचण अभ्यासाच्या पद्धतीची. जीवशास्त्रात वर्णन व वर्गीकरण यांचे स्मरण उपयोगी पडते. तीच सवय भौतिकशास्त्रात आणली की सूत्रांची यादी तयार होते आणि कोणते सूत्र कोठे लावावे एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. सिद्धता पाठ असते. परंतु तिच्यातील एक अक्षर बदलले तरी विद्यार्थी हरवतो. शिकवणी वर्गांतील वेगवान सराव ही सवय आणखी दृढ करतो.

सजीवांतील भौतिकशास्त्र

या तिन्ही अडचणींवर एक सामाईक उपाय आहे. तो म्हणजे भौतिकशास्त्राचे नियम सजीवांच्या उदाहरणांतून समजावून देणे. पुढील काही उदाहरणे त्या दृष्टीने विचारात घ्यावीत.

(१) विसरण. प्राणवायूचा रेणू पाण्यात इतस्ततः भटकत पुढे सरकतो. अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ चौपट होतो. १० मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीएवढे अंतर कापण्यास त्यास सुमारे एक चाळीसांश सेकंद लागतो. हेच अंतर १ सेंटिमीटर असेल तर सुमारे ७ तास लागतात. अमीबास हृदय नसले तरी चालते आणि बेडकास ते का लागते, याचे उत्तर या एका वर्गाच्या नियमात आहे. विसरणाचा नियम १८५५ मध्ये मांडणारे आडोल्फ फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, हेही विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे.

(२) द्रवाचा दाब. रुग्णालयात सलाईनची बाटली रुग्णाच्या हातापेक्षा सुमारे एक मीटर उंच टांगतात. एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ९,८०० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर स्तंभाइतका असतो. शिरेतील दाब याहून पुष्कळच कमी असल्याने द्रव शरीरात जातो. रोहिणीतील दाब मात्र हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी १२० मिलिमीटरपर्यंत असतो. बाटली खाली आणली तर शिरेतील रक्त नळीत चढू लागते, हे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. त्याचे कारण सांगता येणे म्हणजे दाबाचा धडा समजणे होय.

(३) चौथा घात. अरुंद नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. हा नियम फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी रक्ताभिसरणाच्या जिज्ञासेतून शोधला. दाब तोच राहिला आणि रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा न राहता सोळाव्या हिश्शावर येतो. त्रिज्या केवळ एक पंचमांशाने घटली तरी प्रवाह सुमारे ४१ टक्केच उरतो. अपघातग्रस्तास त्वरेने रक्त द्यावयाचे असता जाड सुई का निवडतात, हे यावरून कळते.

(४) जडत्व व रोध. ‘बल थांबले की गती थांबते’ असे विद्यार्थी लिहितो आणि शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. न्यूटनच्या नियमानुसार ती रेघ योग्यच आहे. परंतु पाण्यात पोहणाऱ्या जिवाणूच्या सृष्टीत नेमके हेच दृश्य दिसते. सेकंदास ३० मायक्रोमीटर वेगाने जाणाऱ्या जिवाणूने आपली कशाभिका थांबविली, तर तो अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरात थांबतो. इतक्या लहान आकारमानात द्रवाच्या श्यानतेपुढे जडत्वाचा प्रभाव नगण्य ठरतो. न्यूटनचा नियम तेथेही मोडत नाही, केवळ रोधाचे बल प्रबळ असते. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका व्याख्यानात हा विषय अत्यंत सुबोध रीतीने मांडला आहे. विद्यार्थ्याची समजूत कोठे लागू पडते व कोठे नाही, हे दाखविल्यास त्याची चूकच त्याच्या शिक्षणाचे साधन बनते.

(५) विद्युत. चेतापेशीच्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ७० मिलिव्होल्ट विभवांतर असते. ही संख्या क्षुल्लक वाटते. पण पटलाची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर असल्याने तेथील विद्युत क्षेत्र दर मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट भरते. कोरड्या हवेत ठिणगी पडण्यास दर मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात. विद्युतधारेच्या शास्त्राचा आरंभही गाल्व्हानी यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बेडकाच्या पायावरील प्रयोगांतूनच झाला, हे येथे स्मरणीय आहे.

हैदराबादची परंपरा

अशी उदाहरणे शोधण्यासाठी हैदराबादच्या विद्यार्थ्यांस दूर जावयास नको. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादजवळील बेगमपेठ येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसून आली. या शोधाबद्दल त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकमेव नेत्रिकेस तडा गेला होता, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. डास उडून जाऊ नयेत म्हणून उकाड्यातही ते पंखा वापरीत नसत. हा शोध जीवशास्त्राचा खरा. परंतु तो भिंगांच्या आधारानेच लागला. पुढे रॉस यांनी रोगप्रसाराचे गणितही मांडले. बेगमपेठेतील त्या वास्तूत उस्मानिया विद्यापीठाची परजीवीशास्त्राची संस्था त्यांच्याच नावाने आहे. भिंगांचा धडा शिकविताना या वास्तूस भेट देण्यासारखी दुसरी सोय नाही.

दुसरे उदाहरण थोडे वेगळे आहे. १८८८ व १८८९ मध्ये निजाम सरकारच्या साहाय्याने हैदराबाद येथे क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोगांनी प्रयोग केले. तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे सूत्रधार होते. प्राण्यांच्या रक्तदाबाचे आलेख काढून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्ममुळे प्रथम श्वसन थांबते, हृदयास प्रत्यक्ष धोका नसतो. परंतु १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदयाच्या जवनिकांची लय बिघडून अकस्मात मृत्यू ओढवू शकतो. साधन जेवढे मोजते तेवढेच आलेखात उमटते. दाबाच्या आलेखावरून हृदयाच्या विद्युत क्रियेविषयी ठाम अनुमान काढता येत नाही. भावी वैद्यास मापनाचे शास्त्र का यावे, याचे याहून गंभीर उदाहरण मिळणे कठीण. कारण येथे चुकीच्या अनुमानाशी शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णाचे प्राण निगडित होते.

अलीकडच्या काळात १९७७ मध्ये हैदराबाद येथे पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचा, म्हणजे ‘सीसीएमबी’चा आरंभ झाला. संस्थापक संचालक डॉ. पुष्पमित्र भार्गव यांचे मूळ शिक्षण रसायनशास्त्रातील होते. त्यांच्यानंतरचे संचालक डॉ. डी. बालसुब्रमण्यन हे जैवभौतिक रसायनाचे अभ्यासक असून डोळ्यातील भिंगाची प्रथिने हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. याच केंद्रातील डॉ. लालजी सिंग यांच्या कार्यामुळे डीएनए फिंगरप्रिंटिंगचे तंत्र देशात सुपरिचित झाले. ऋण प्रभार असलेले डीएनएचे तुकडे विद्युत क्षेत्रात धन टोकाकडे सरकतात आणि लहान तुकडे मोठ्यांच्या पुढे जातात. या तंत्राचा पाया म्हणजे बायपीसीच्या विद्यार्थ्याने शिकलेले, पण बहुधा विसरलेले, स्थिरविद्युतच होय.

इतरत्र झालेले प्रयत्न

ही समस्या जगात सर्वत्र आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रा. एरिक मझुर वैद्यकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांस भौतिकशास्त्र शिकवीत असत. कठीण गणिते सोडविणाऱ्या त्या विद्यार्थ्यांस बल व गती यांविषयी अगदी साधे, गणिताविना असलेले प्रश्न दिले. तेव्हा आपण शिकविल्याप्रमाणे उत्तर लिहावे की आम्हास वाटते तसे, असे एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले. या अनुभवातून, दर काही मिनिटांनी एक संकल्पनात्मक प्रश्न विचारून विद्यार्थ्यांस आपसांत चर्चा करू देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९९७ मध्ये त्यांचे याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने जीवशास्त्राच्या पदवी शिक्षणाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि भावी जीवशास्त्रज्ञांस गणित व भौतिकशास्त्र यांची अधिक भक्कम बैठक मिळावी असे सुचविले. मेरिलँड विद्यापीठाने पुढे केवळ जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम तयार केला.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले आहेत. २००६ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ‘आयसर’ संस्थेत आरंभीच्या काळापासून पहिली वर्षे सर्व विज्ञानविषयांच्या सामाईक अभ्यासास देण्यात आली. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात गणित न घेतलेल्यांसाठी उपचारात्मक गणित व जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठी उपचारात्मक जीवशास्त्र यांची तरतूद आहे. म्हणजे उणीव मान्य करून ती भरून काढण्याचे तत्त्व सर्वमान्य आहे. ते अकरावीच्या वर्गापर्यंत आणणे एवढेच काम उरते.

शिक्षकांसाठी काही सूचना

आपल्या राज्यातही गणित न घेता विज्ञान शाखेत प्रवेश घेणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. नांदेड व लातूर येथे तर वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी दूरदूरचे विद्यार्थी येतात. म्हणून पुढील सूचना विचारार्थ मांडीत आहोत.

(अ) वर्षारंभी दहा-बारा तास केवळ पूर्वतयारीस द्यावेत. दहाचे घातांक, गुणोत्तर, आलेख वाचन व एकके एवढाच भाग घ्यावा, आणि सर्व उदाहरणे सजीवांच्या मापनातून घ्यावीत.

(आ) प्रत्येक प्रकरणास किमान एक जीवशास्त्रीय उदाहरण जोडावे. यासाठी भौतिकशास्त्राच्या व जीवशास्त्राच्या शिक्षकांनी सत्रारंभी एकत्र बसून यादी करावी. यास कोणताही खर्च येत नाही.

(इ) दर तासास एक प्रश्न असा विचारावा की ज्याचे उत्तर आकडेमोडीने न येता विचाराने येईल. विद्यार्थ्यांनी प्रथम आपले मत द्यावे, नंतर शेजाऱ्याशी चर्चा करावी व शेवटी शिक्षकांनी निर्णय सांगावा.

(ई) प्रात्यक्षिकांत अल्पखर्चाच्या प्रयोगांची भर घालावी. निरनिराळ्या जाडीच्या सुया लावलेल्या पिचकारीतून ठरावीक पाणी गळण्यास लागणारा वेळ मोजावा. दूरदृष्टीच्या चष्म्याच्या भिंगाचे नाभीय अंतर सूर्यप्रकाशात काढून चष्म्याच्या क्रमांकाशी ताडून पाहावे. जिना चढण्यापूर्वीच्या व नंतरच्या नाडीच्या ठोक्यांचा आलेख काढावा.

(उ) पारिभाषिक शब्द मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहावेत आणि व्यवहारातील अर्थ व शास्त्रातील अर्थ यांतील भेद स्पष्ट करावा.

या सूचनांनी प्रवेश परीक्षेची स्पर्धा कमी होणार नाही, हे उघड आहे. परंतु सूत्र केव्हा लागू पडते हे ज्यास कळते, त्यास अपरिचित प्रश्नाचे भय कमी वाटते. याहून महत्त्वाचा लाभ पुढील आयुष्यातील आहे. आजचे हे विद्यार्थी उद्या रक्तदाब मोजतील, क्ष-किरण यंत्रासमोर उभे राहतील, मातीची व पाण्याची तपासणी करतील. त्यांच्यापैकी अनेकांनी भौतिकशास्त्राचा वर्ग अखेरचा पाहिला असेल तो अकरावी-बारावीतच. त्या दोन वर्षांत त्यांना केवळ भीती मिळते की समज, हे बव्हंशी आपल्या शिकविण्यावर अवलंबून आहे.